रामसिंगाच्या गाडीचा इसावा

रामसिंगाच्या पाखऱ्यानं लग्नातला भात खाल्ला आणि तो भात सगळ्या घराच्या मुळावर आला.

आदल्या दिवशी तांड्यात धर्मसिंगाच्या पोरीचं लग्न उरकलं होतं. उरलेला भात, बुंदी, आंबलेलं वरण असं सगळं मांडवामागं ढीग घालून टाकलेलं. पहाटे पाखऱ्यानं दावं तोडलं आणि पोट फुटेस्तोवर हाणलं. मुक्या जनावराला कुठं थांबावं ते काय कळतं? दिवस कासराभर वर आला तेव्हा त्याचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं होतं. चारी पाय फाकवून तो उभा होता, जीभ बाहेर, तोंडाला फेस.

दोन हजार तीनचा मृग लागून चार दिवस झाले होते. पाऊस बरा पडला होता, रानाला वाफसा यायचीच खोटी होती. पाच एकर पेरायचं, आणि एका बैलानं काही पेरा होत नाही. शिवाय पाखऱ्याची माय तो चार दिवसांचा असताना मेली, तेव्हा चंदाबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिनं त्याच्या कुशीवर हात ठेवला आणि नवऱ्यावर ओरडली.

"आवं, बघत काहून उभे राहिले? गाडी काढा! दवाखान्यात न्या त्याला!"

गाडी काढा म्हणणं सोपं होतं.

दोन वर्षांमागं रामसिंगानं जुनी डिझेलची पिकअप घेतली होती. तांड्यापासून डांबरी सडकेचा फाटा तीन किलोमीटर. दूध, भाजी, खताची पोती, बाजाराला निघालेल्या बाया, असं सगळं फाट्यावर न्यायचं आणि आणायचं. दिवसाच्या पाच फेऱ्या, पण फाट्याच्या पुढं गाडी कधी गेली नाही. रामसिंगाचा आजा पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन मुलूखभर फिरलेला माणूस. त्याचा कायदा घरात अजून चालायचा. टप्पा आला की ओझं उतरवा, जनावराला इसावा द्या. रामसिंगानं तोच कायदा गाडीला लावला. कुणी हात केला, गाडी थांबली, की किल्ली बंद. फाट्यावर पोचला की बॉनेट वर करायचा आणि म्हणायचा, "दम खाऊ द्या तिला." पोळ्याला बैलांच्या मागं तिलाही हार घालून देवळापुढं नेलं होतं. लोक हसले, पण खरं सांगायचं तर तांड्यात एवढ्या मायेनं गाडी कुणी सांभाळली नव्हती.

आणि एवढ्या मायेनं तिचं वाटोळंही कुणी केलं नव्हतं. वर्षभरात ती काळा धूर ओकायला लागली, वीस-वीस वेळा किल्ली फिरवल्याशिवाय चालू होईना. इंजिनातलं तेल मात्र वाढायला लागलं. तेल बघायची सळई बाहेर काढली की दरवेळी खुणेच्या वर बोटभर जास्त.

"बरकत हाय," रामसिंग चंदाबाईला म्हणाला. "लोकायच्या गाड्या तेल पितात, आपली देऊन राहिली!"

डोंगरकड्याच्या मिस्त्रीला एकदा फाट्यावर त्यानं ही बरकत मोठ्या कौतुकानं दाखवली. मिस्त्रीनं सळई नाकाला लावली आणि कपाळावर हात मारला.

"रामसिंगभाई, तेल कभी बढता क्या? डिझेल उतरा है इसमें. गाडी गरमच नहीं होती तुम्हारी, तो डिझेल जलेगा कैसा? सायलेन्सर काजल से भर गया, बॅटरी भरती नहीं. पहले तेल बदलो. और हफ्ते में एक बार नांदेड तक दौडाओ. घडी-घडी बंद मत करो."

"बिनकामी जनावर कोन पळवतं मिस्त्री? ऊर फुटून मरंल की."

"अरे बाबा, बैल नहीं है वो! इंजन है!"

रामसिंग हसला. मिस्त्रीला गिऱ्हाईक पाहिजे, दुसरं काय, असं मनाशी म्हणाला आणि गाडीला घटकाभर जास्तच इसावा दिला.

आता त्या दिवशी सकाळी आठ माणसांनी दोर लावून, फळ्या टाकून पाखऱ्याला कसाबसा गाडीत चढवला. रामसिंगानं किल्ली फिरवली. आतून नुसतं घुर्र झालं. पुन्हा फिरवली, तेवढंही झालं नाही.

इंजिनाला गरम हवा मिळावी म्हणून शेजारचा भावसिंग चिंधीचा बोळा पेटवून हवेच्या नळीशी धरून बसला. "दादा, पुरं कर आता. बॅटरीचा जीव गेला."

"ढकला रं! सगळे मिळून ढकला!"

ढकलणार कुठं? रात्रीच्या पावसानं काळ्या मातीचा चिखल झालेला, वर बैलाचं वजन. चाकं चार हात सरली आणि रुतली. असा घंटा गेला. पाखऱ्या गाडीत गुडघ्यावर आला होता, कण्हत होता. रामसिंगाच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ज्याला हात लावावा ते आज उलटून राहिलं होतं.

चंदाबाई गोठ्यात गेली आणि मोऱ्याला सोडून घेऊन आली. मोऱ्या म्हणजे पाखऱ्याचा जोडीदार. त्याच्या खांद्याला सापतीचा पट्टा बांधला, दोर गाडीच्या पुढच्या दांड्याला अडकवला आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "वढ रं माझ्या राजा."

मोऱ्यानं मान खाली घातली आणि ओढलं. मागून माणसांनी जोर लावला. चिखलातून गाडी निघाली, कडक वाट लागली, रामसिंगानं क्लच सोडला. दोन धक्के बसले आणि काळ्याकुट्ट धुराचा लोट सोडत इंजिन चालू झालं. तांड्यानं आरोळी दिली. मोऱ्या बाजूला धापा टाकत उभा राहिला, चंदाबाई आणि भावसिंग चालत्या गाडीत चढले.

सडकेवरचा जनावरांचा दवाखाना आला. रामसिंग घाईघाईनं उतरला, चार पावलं गेला आणि जागच्या जागी थिजला. मागं इंजिन वाजत नव्हतं. हातानं सवयीप्रमाणं आपलं काम केलं होतं, किल्ली बंद केली होती.

"दादा, काय केलंस रं हे?" भावसिंग केबिनमधून म्हणाला.

कंपाउंडर बाहेर आला. त्यानं बांबूच्या नळीनं पाखऱ्याच्या घशात तेल ओतलं, पोटातला वायू सुटावा म्हणून तोंडात आडवी काडी बांधली. "मला एवढंच येतंय मामा. डॉक्टर लशी टोचायला पुढच्या गावांमंदी गेलेत, आत्ताच गेलेत, आता कुठं असतील ते सांगता येत न्हाई. घंटाभर आधी पायजे होते तुमी. आता नांदेडला पळवा."

नांदेड म्हणजे चाळीस किलोमीटर. आणि गाडी मढ्यासारखी उभी. इथं मोऱ्याही नव्हता. रामसिंग सडकेवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं हात जोडू लागला. शेवटी केळीच्या एका ट्रॅक्टरवाल्याला दया आली. साखळी बांधून त्यानं ओढलं, गाडी पुन्हा चालू झाली, पण अर्धा घंटा आणखी गेला होता.

"आता मेलो तरी बंद करत न्हाई," रामसिंग म्हणाला.

मागं चंदाबाई पाखऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. केबिनमध्ये भावसिंग. गाडी कुंथत, धक्के खात निघाली. मागं धूर एवढा की सायकलवाले, पायी चालणाऱ्या बाया तोंडाला पदर-रुमाल लावून कडेला थांबत. सायलेन्सरमधून काजळीचे गोळे फटाफट उडत होते. रामसिंगानं पाय दाबून धरला तो धरलाच. पायात गोळा आला तरी काढला नाही.

अर्धापूरच्या अलीकडं, दोन्ही बाजूंनी केळीची रानं लागली तिथं, गाडीला काहीतरी झालं. एक मोठा आवाज झाला, काळा ढग मागं फेकला गेला आणि त्यानंतर धूरच बंद झाला. धक्के थांबले. गाडीनं असा वेग घेतला की तसा रामसिंगाला दोन वर्षांत ठाऊक नव्हता. इंजिनाचा आवाज खाली आला, एकसारखा झाला.

"दादा, मोकळी झाली रं!" भावसिंग ओरडला. "आता पोचतो आपन! अर्ध्या घंट्यात पोचतो!"

रामसिंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री खरं बोलला होता. त्यानं पाय आणखी दाबला.

तेवढ्यात केबिनच्या मागच्या पत्र्यावर थाप पडली. रामसिंगाला वाटलं, चंदाबाई आणखी पळवा म्हणते. पुन्हा थाप पडली, मग पडायची थांबली.

त्यानं गाडी कडेला घेतली. किल्लीला हात लावला नाही. इंजिन इतकं हळू वाजत होतं की चंदाबाईचं रडणं केबिनपर्यंत नीट ऐकू येत होतं. तो उतरून मागं गेला. पाखऱ्याची मान तिच्या मांडीवरून खाली लोंबकळली होती. डोळे उघडे होते आणि माशा यायला लागल्या होत्या.

"मगाशीच गेला," ती म्हणाली. "मी हाक मारून राहिले होते, तुमाला ऐकूच येईना. ते धुराचं गाडगं वाजून राहिलं होतं तवा."

भावसिंग पुढं उभा होता. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. "गाडी मात्र बरी झाली, दादा."

रामसिंग पुढं आला. उभ्या जन्मात त्यानं कुठल्या जनावरावर काठी उगारली नव्हती. त्यानं पायातली चप्पल काढली आणि दोन्ही हातांनी धरून बॉनेटवर हाणायला सुरुवात केली. सडकेवरची माणसं थांबून बघायला लागली. चप्पल फाटली तरी तो हाणत राहिला, आणि गाडी आपली एका लयीत चालत राहिली.