बाकीच्या दहा जणी

भागिरथीनं चेंडू तळपायाखाली अडवला, मान वर केली आणि डाव्या पायानं तो मैदानाच्या पार दुसऱ्या कडेला टाकला. चाळीस-पंचेचाळीस मीटर हवेतून जाऊन चेंडू नेमका तिला हवा होता तिथे, रेषेच्या हातभर आत पडला. तिथे कोणीच नव्हतं.

प्रेक्षकांतून टाळ्या आल्या. मग एकेकाच्या लक्षात आलं तशा त्या विरत गेल्या. पंचही शिट्टी तोंडात धरून नुसतेच बघत राहिले होते.

तेव्हा कुठे भागिरथीनं खाली पाहिलं. पायांत साधे बूट. अंगात प्रशिक्षकाचं निळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र. मैदानाच्या रेषेच्या आत ती चांगली चार पावलं येऊन उभी होती. समोर राजनंदिनी होती. चेंडू येत होता तो तिच्याकडे. पळता पळता ती जागीच थांबली होती आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"ताई," राजनंदिनी म्हणाली, "माझा होता तो."

शिट्टी वाजली. पंच धावत आले. वयानं लहान होते. सात महिन्यांपूर्वी याच बाईंबरोबर त्यांनी फोटो काढून घेतला होता. खिशातून लाल कार्ड काढताना त्यांचा हात अडखळला.

"मॅडम, तुम्ही खेळाडू नाही आहात."

"माहीत आहे मला," भागिरथी म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

जिल्ह्याच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना नगरच्या मैदानावर चालला होता. बेलापूरच्या मुली पहिल्यांदाच इथवर आल्या होत्या. एक-एक अशी बरोबरी होती, अठरा मिनिटं उरली होती, आणि बेलापूरच्या चालत्या चढाईतला चेंडू बेलापूरच्याच प्रशिक्षकानं हिसकावून घेतला होता. समोरच्या संघाला फ्री किक मिळाली.

भागिरथी बाकाकडे न बघता चालत गेली आणि जाळीच्या कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली. आपण कधी आत शिरलो हे तिला आठवेना. चेंडू घरंगळत येताना दिसला होता एवढंच. नऊ वर्षं देशासाठी खेळलेल्या पायानं कोणाला विचारलंच नव्हतं.

गुडघ्यानं दगा दिला म्हणून ती गेल्या उन्हाळ्यात गावी परतली होती. गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष राधाकृष्णराव हार घेऊन घरी आले होते. "जो स्वतः खेळलाय तोच शिकवणार," असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं आणि बावीस वर्षं मुलींना शिकवणाऱ्या रंभाजी सरांना सहायक केलं. सहायक म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायच्या, बर्फाचा डबा सांभाळायचा. भागिरथीही लहानपणी त्यांच्याच संघात होती, पण रंभाजी सर स्वतः तालुक्याच्या बाहेर कधी खेळले नव्हते. त्यांनी हुं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या भरू लागले.

आणि भागिरथी शिकवू लागली. शिकवायची म्हणजे करून दाखवायची. "हे बघ, असं." मुलींना जमलं नाही की पुन्हा, "असं गं!" चेंडू कुठे द्यायचा हे तिला लख्ख दिसायचं, आणि या पोरींना ते दिसत का नाही हे कोडं काही सुटायचं नाही. मग ती रेषेवरून ओरडायची. डावीकडे, मागे, सोड, आता दे! सात महिने तिचा घसा बसलेलाच होता.

आता कुंपणाबाहेरून तिला मैदान चमत्कारिक शांत वाटलं. फ्री किक गोलच्या वरून गेली. रंभाजी सर बाकावर बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. ते उठले नाहीत, ओरडलेही नाहीत. मुली दोन-चार मिनिटं बावचळल्या; चेंडू पायात आला की रिकाम्या रेषेकडे बघायच्या. मग गोलमधून सृष्टीचा आवाज आला.

"राजे, मागं कोन हाय बघ! सायली, तू कुठं चाललीस? हिकडं ये!"

सृष्टीचा आवाज एवढा मोठा आहे हे भागिरथीला ठाऊक नव्हतं. सायलीनं काहीतरी उलट उत्तर दिलं. राजनंदिनी हसली. अंतिम सामन्यात, एक-एक बरोबरीत, पोरगी हसली! आणि मग त्या एकमेकींना हाका मारू लागल्या, ऊसतोडीला निघालेल्या बायका मारतात तशा, नावं घेऊन, शिव्या घालून.

सामना संपायला पाच मिनिटं असताना राजनंदिनीनं कडेनं चेंडू नेला. भागिरथीनं तो केव्हाच मध्ये टाकला असता. राजनंदिनीनं टाकला नाही. थांबली, मागे वळली, सायलीला दिला, सायलीनं परत दिला, आणि एक बेंगरूळ, राजनंदिनीच्या गुडघ्याला लागून उडालेला चेंडू गोलरक्षकाच्या हाताखालून आत गेला.

कुंपणाच्या जाळीत भागिरथीची बोटं अडकली होती. ती ओरडली नाही. टाळीही वाजवली नाही. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तो होत नव्हता, याचाच तिला धक्का बसला.

बेलापूर जिंकलं. राधाकृष्णरावांचा फोन लगेच आला. "ताई, तुमची जादू! आता गावात मिरवणूक!" लाल कार्डाचं त्यांच्या कानावर गेलं नसावं. तिनं "हो, हो" म्हणून फोन ठेवला.

करंडक घेऊन मुली कुंपणाजवळ आल्या. सृष्टीनं हातमोजे काढून काखेत धरले होते. ती सरळ पोरगी. मनात येईल ते बोलायची.

"ताई, एक सांगू? रागवनार न्हाई ना?"

"सांग."

"तुमी बाहेर गेल्यावर आमाला एकमेकींचं ऐकू यायला लागलं."

सायलीनं सृष्टीच्या दंडाला चिमटा काढला. भागिरथीनं मान हलवली, करंडकावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसली.

परतताना राहुरीजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला, तेव्हा ड्रायव्हरनं गाडी एका चहाच्या टपरीला लावली. अजून ऊन होतं. मुली वडापाववर तुटून पडल्या. रंभाजी सर दोन कप घेऊन भागिरथीजवळ आले आणि बाकड्यावर अंतर ठेवून बसले.

"सर, तुम्ही आज काहीच का बोलला नाहीत त्यांना?"

"काय बोलायचं? खेळत हुत्या की."

"मला का नाही कधी सांगितलंत? सात महिने चुकत होते मी. तुम्ही बघत बसलात."

सरांनी चहा फुंकला. "तू इचारलं न्हाईस."

ते खरं होतं. एक ट्रॉली कुरकुरत पुढे सरकली.

"तुम्ही मला शिकवलंत तेव्हा ओरडत होतात का?" भागिरथीनं विचारलं. "मला आठवतच नाही."

"तुला?" रंभाजी सर हसले. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "भागे, तुला मी कधी काय शिकवलंय? चौदा वर्साची हुतीस, तवाच तुला समदं येत हुतं. माझ्या बापजन्मी जमलं नसतं ते तू करायचीस. मी तुला काय शिकवनार?"

"मग?"

"बाकीच्या दहा जनींना शिकवलं. तू चेंडू टाकशील तिथं कुनीतरी असाया पायजे ना."

भागिरथीच्या हातातला कप तसाच राहिला. मघाचा चेंडू तिला दिसला, रेषेच्या हातभर आत पडलेला. मुलाखतींत लोक विचारायचे, तुम्ही घडलात कशा? ती म्हणायची, मला कोणी शिकवलं नाही. ते खरं होतं. ते खरं होतं हेच आता तिला सोसवेना. त्या दहा जणींची नावं ती मनात आठवू लागली. छबू. मंगल. उंच होती ती... बनुबाईची पोर, तिचं नाव काय? दोन नावांच्या पुढे गाडी सरकेना.

"सर, छबू कुठे असते आता?"

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "छबी? अगं, मैदानाच्या वाटंला पिठाची गिरन हाय, ती तिचीच. रोज तिच्या दारावरनं जातीस तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागिरथी गिरणीच्या दारात उभी राहिली. आत एक रुंद अंगाची बाई पाठमोरी पिठाचा डबा भरत होती. वळली, आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर गेल्या.

"अगं बया! वाट चुकलीस का काय?"

"छबे," भागिरथी म्हणाली. गिरणी घरघरत होती. मग ती मोठ्यानं ओरडून म्हणाली, "तुला कसं कळायचं गं, मी चेंडू कुठे टाकणार ते?"

छबूनं हात लांब करून खटका दाबला. पट्टा मंदावत थांबला.

"मला कुठं कळायचं?" ती म्हणाली. "सर म्हनायचे, भागीचा उजवा खांदा खाली आला का पळायचं. वर चेंडूकडं बघायचं न्हाई. पळायचं. आमी समद्या तुझ्या खांद्याकडंच बघत असायचो."

"आणि चेंडू आला नाही तर?"

"तर परत यायचं. धा येळा पळायचं, एक-दोनदा यायचा." छबू हसली. "लई दमवलंस बाई तू आमाला."

भागिरथीनं आपल्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. वीस वर्षांत, एवढ्या मैदानांवर, तो खाली येतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"परत सांग," ती म्हणाली. "सावकाश, पहिल्यापासून." आणि दळणाच्या डब्यांशेजारी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गव्हाच्या पोत्यावर बसली.