आकड्याला आकडा

कोंडीरामने पितळेची तार पक्कडीत धरून वाकवली आणि खेळण्यातल्या आगगाडीच्या छोट्या पत्र्याच्या डब्याच्या तोंडाशी आकडा बसवला. जुनी जोडणी साध्या साखळीची होती. वळण आलं की साखळी उसळायची आणि डबे मागे ठेवून इंजिन एकटंच पुढे पळायचं. आता या आकड्यात इंजिनाची कडी अडकली, की ब्रह्मदेव आला तरी सुटणार नाही. पण इंजिन होतं कुठे?

इंजिन माटुंग्याला, आग्नेलोकडे. दोघांनी परळच्या रेल्वे कारखान्यात तीस वर्षं शेजारी उभं राहून फिटरकी केली आणि रिटायर झाल्यावर हा खेळ मांडला. डबे कोंडीरामचे, चावीचं इंजिन आग्नेलोचं. दर रविवारी कोंडीरामच्या खोलीत जमिनीवर रूळ पसरायचे. बायको, बकुळा, गेल्यापासून त्या खोलीत माणसाचा आवाज व्हायचा तो रविवारीच.

मग संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलं. परळ-लालबागला गोळ्या चालल्या. हे आता थांबलं पाहिजे, एवढंच आग्नेलो म्हणाला. आणि कोंडीरामच्या जिभेला हाड कुठलं?

"तुला काय रे, मुंबई राहिली काय नि गेली काय?"

रत्नागिरीहून बोटीने आलेल्या माणसाने हे कोणाला ऐकवावं? ज्याच्या खापरपणजोबांनी उभारलेला क्रूस अजून माटुंग्यात त्याच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, त्याला! आग्नेलोने इंजिन रुमालात बांधलं आणि तो निघून गेला. त्याला दीड वर्ष झालं.

दीड वर्षात कोंडीरामने तो आकडा सहा वेळा बदलला. शेजारच्या कमलाबाई विचारायच्या, गाडी चालत नाही तर हे उद्योग कशाला? तो काय सांगणार, कपाळ! आकडा जमला की माटुंग्याला जायला निमित्त होईल, हे तो स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हता. पण रविवार खायला उठायचा. शेवटी एका रविवारी त्याने डबा पिशवीत घातला.

आग्नेलोच्या बायकोने, मेबलने, दार उघडलं आणि 'या' न म्हणता नुसतीच बाजूला झाली. आग्नेलोने डबा निरखला, कपाटातून इंजिन आणलं आणि टेबलावर डब्यापुढे ठेवलं. इंजिनाच्या पाठीला नवाकोरा आकडा. त्यानेही घरी बसून जोडणी सुधारली होती, डब्याला कडी असेल असं धरून! आकड्याला आकडा भिडला आणि दोन्ही मागे सरकले. माफी मागायला आलेला कोंडीराम "बघतो" एवढंच पुटपुटून बाहेर पडला.

ट्रामभर तो स्वतःवर चडफडत होता. चूक आपली, तर नमतंही आपणच घ्यावं. आठवडाभर खपून त्याने आकडा काढला आणि तिथे कडी बसवली.

पुढच्या रविवारी डबा पुन्हा त्याच टेबलावर. आग्नेलोने इंजिन आणून ठेवलं. त्याच्याही पाठीला कडी होती.

मेबल तोंडावर हात धरून हसू दाबत आत गेली. कोंडीरामने दोन्ही कड्यांवरून बोट फिरवलं. मान वर न करता तो म्हणाला,

"त्या दिवशी मी चुकलो रे. मुंबई माझ्याआधी तुझी."

आग्नेलोने इंजिनाची चावी पुसून बाजूला ठेवली. मग त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि आपली पक्कड कोंडीरामपुढे सरकवली.

"दोन घरांत बसून हे काम व्हायचं नाही, कोंडीबा. बस इथं. कडी माझी राहू दे."