नायट्रेट आणि अर्धा तास उकळी

पाणीखात्यात मला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं ते पत्रकांचं शुद्धलेखन तपासायला. साहित्यात डॉक्टरेट केलेल्या बाईला दुसरं काय काम देणार म्हणा! सकाळचं पत्रक मी तपासून वाटायलाही पाठवलं होतं. 'खालच्या गल्ल्यांत नळाच्या पाण्यात लिटरमागे बासष्ट मिलिग्रॅम नायट्रेट आढळले असून नागरिकांनी योग्य ती खबरदारी घ्यावी.' कानामात्रेची चूक दाखवा, मी नोकरी सोडते.

दुपारी सहज शिपाईकाकांना विचारलं, "पत्रक वाचलंत? मग आता काय करणार?"

"उकळून पिणार. घरी सांगून आलोय, चांगलं अर्धा तास उकळा."

मी मान डोलावली. प्रयोगशाळेच्या बाईंनी मात्र हातातली बाटली खाली ठेवली. "अहो, उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाढतं. तान्ह्या बाळाचं दूध त्यात कालवलं तर जिवावर बेतेल."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वहिनी खालच्याच गल्लीत राहते आणि भाचा सात आठवड्यांचा, बाटलीवर. वहिनीचा स्वभाव असा, की काका अर्धा तास उकळणार तिथे ती तासभर उकळणार. फोन लावला तर बंद. बाळ झोपलं की ती फोन बंदच ठेवते.

तडक धावत सुटावंसं वाटलं. पण त्या गल्ल्यांत बाळ काय एकच होतं?

मी कागद ओढला. बाई बासष्टचा आकडा सोडेनात. मी म्हटलं, "राहू दे, पण शेपटाला." भांडत, खोडत आम्ही लिहायचं आणि काकांना वाचायला द्यायचं. "काका, आता काय कराल?"

"गाळून उकळीन."

पुन्हा लिहिलं.

"थोडं कमी उकळीन."

पाचव्या कागदावर होतं, 'हे पाणी उकळू नका. उकळलं तर जास्त बाधेल. बाळाचं दूध चौकात उभ्या केलेल्या टँकरच्याच पाण्यात करा.' काका म्हणाले, "मग टँकरवरच जायला हवं की." बाईंनी मला कडकडून मिठी मारली. त्यांचा चष्मा माझ्या केसांत अडकला आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

तोच कागद घेऊन भोंग्याची गाडी निघाली. तिच्या मागोमाग मी, चप्पल हातात घेऊन.

वहिनीने दार उघडलं. मी धापा टाकत म्हटलं, "वहिनी, पाणी... उकळू..."

"हळू बोल, उठेल तो. उकळायचं नसतं ते पाणी, एवढंही माहीत नाही तुला? गाडीवरून ओरडून सांगतायत. पातेलंभर उकळून निवत ठेवलं होतं, सगळं ओतून दिलं. टँकरचं आणलं, तेव्हा कुठे बाटली दिली."

मी उंबऱ्यातच बसले आणि रडले.

"रडतेस काय? नसेल माहीत एखादीला," वहिनी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "तुझं सगळं शिक्षण कवितेतलं. ज्याला यातलं कळतं, त्यानेच लिहिलंय ते."