अर्ध्यावर थांबवलेला उजेड

मी थिएटरच्या भिंतीवरचा, दिवे मंद करायचा गोल रेग्युलेटर बोलतोय. दाराला अगदी लागून माझी जागा. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या आमच्या लाल मातीच्या आदिवासी गावात हे एकच थिएटर, आणि मी नसलो तर ते नुसतं पत्र्याचं गोदाम. फुशारकी झाली, पण खोटं नाही.

कित्येक वर्षं मला एकच काम ठाऊक होतं. सिनेमा लागला की पार शून्यावर जायचं. मग लॅरिसा येऊ लागली. एकोणीस वर्षांची, उंच, दोन्ही कानांवर हात. काळोख झाला की किंचाळायची, आवाज वाढला की पळत सुटायची. लोक वळून बघत, तशी तिची मावशी करवादे, "इकडं काय बघता रे? पडदा तिकडं आहे!"

हीच मावशी मशीन चालवणाऱ्या वॉरिककाकांच्या हात धुऊन मागे लागली. शेवटी महिन्यातल्या एका शनिवारी सकाळचा वेगळा खेळ ठरला. आवाज निम्मा, मी अर्ध्यावर, आणि ज्याला वाटेल त्यानं उठावं, नाचावं, लोळावं. मला अर्ध्यावर आणायचा मान लॅरिसाचा.

त्या खेळाला दर वेळी लागणारा सिनेमा आमच्याच माणसांनी केलेला, आणि मावशी त्याची नायिका! नकाशा घेऊन आलेल्या सरकारी साहेबाला चार म्हाताऱ्या दिवसभर एकाच टेकडीभोवती फिरवतात, वर त्याचाच डबा फस्त करतात. साहेब घामाघूम. मावशी मागे वळून म्हणते, "अजून थोडंच राहिलंय, साहेब!" अख्खं थिएटर तिच्याबरोबर ओरडे. दिवसचे दिवस न बोलणारी लॅरिसासुद्धा.

मावशी थंडीत गेली. तिचं नाव मी घेणार नाही. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, घरचे हो म्हणेपर्यंत चेहराही दाखवत नाहीत. पोस्टर उतरलं, सिनेमा कपाटात गेला. रीत सगळ्यांनी पाळली, पण चूकही सगळ्यांनी केली. लॅरिसाला सरळ सांगितलं तरच कळतं, आणि नाव न घेता सरळ कसं सांगायचं ते कुणाला सुचेना. सगळे तिच्याजवळ बसून रडले, सांगितलं मात्र कुणीच नाही. तिच्या लेखी मावशी होती तिथंच होती, पडद्यावर.

तीन शनिवार ती आली. दुसराच सिनेमा लागला की उठून माझ्यापाशी येई आणि म्हणे, "अजून थोडंच राहिलंय, साहेब."

"आज नाही गं पोरी," वॉरिककाका खाली बघत म्हणत. मला त्यांचा फार राग येई. मला तोंड असतं तर मी रीत मोडली असती.

चौथ्या शनिवारी तिची आई डोरीन आली. कपाळावर बहिणीच्या शोकाची पांढरी माती अजून तशीच.

"वॉरिक, किती दिवस झुलवायचं हिला?"

"नाव न घेता सांगशील कशी?"

"आपल्या बायका मातीवर गोष्टी काढतात, त्या काय नावं घेऊन?"

ती लॅरिसाला दाराबाहेर घेऊन बसली. दार उघडंच होतं. डोरीननं बोटानं मातीत शेकोटी काढली, तिच्याभोवती बसलेल्या माणसांच्या तीन खुणा. "ही तू. ही मी." तिसरीपुढं तिनं साहेबाचा डबा काढला. लॅरिसा खुदकन हसली. मग डोरीननं तिसऱ्या खुणेवर तळहात ठेवला आणि ती हळूच पुसून टाकली. पुन्हा काढली नाही.

लॅरिसा ती जागा बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "राहिलं नाही?"

"नाही राहिलं गं बाळा."

ती आत आली. हात कानांवर नव्हते. तिनं मला धरलं आणि अर्ध्यावर न थांबता शून्यावर नेलं. ती किंचाळली नाही. त्या काळोखात मायलेकी कितीतरी वेळ बसून होत्या, आणि माझ्याच्यानं काहीही होत नव्हतं.

त्यानंतर लॅरिसा आली नाही. आता नवे दिवे येणार आहेत आणि मला काढणार आहेत म्हणे. काढा, पण थोडं थांबा. घरचे कधीतरी हो म्हणतील, कपाट उघडेल. त्या दिवशी तिला बोलवा. मला अर्ध्यावर आणायला दुसऱ्या कुणाचा हात नको.