सुटा ठोका

"ड्रम वाजवतोयस की गादी बडवतोयस?" रेकॉर्डिंगवाले काका काचेमागून ओरडले.

"मशीन तपासा तुमचं!" मीही ओरडलो. शाळा सोडून दोन वर्षं मी थ्रॅशसाठी, म्हणजे सुसाट वेगाच्या मेटल संगीतासाठी, दोन्ही पायांनी हेच डबल पेडल तुडवतोय. आज जमलं नाही, तर आमचा गिटारवाला दादा माझ्या जागी मशीनचे ड्रम टाकणार होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत काका आत आले आणि सरळ गुडघ्यांवर बसले. मोठ्या ड्रमच्या पोटात त्यांनी स्वतःची रजई कोंबली. पेडलची मऊ टोकं काढून लाकडी लावली. ठोका बसतो तिथे जुनं प्लास्टिकचं कार्ड चिकटवलं आणि माइक आत, अगदी जवळ सरकवला. "एवढ्या वेगात ड्रम घुमला की चिखल होतो, बाळा. प्रत्येक ठोका सुटा पाहिजे."

मी वाजवलं, मग काचेमागे जाऊन ऐकलं. टक टक टक टक! माझ्या जुन्या कॅसेटींवर असतो तस्साच आवाज. काय माणूस आहे हा! फक्त माझा डावा पाय दर वेळी उशिरा पडत होता. इतके दिवस ते घुमण्यात लपलं होतं.

"मशीन आणू?" दादा गालात हसला.

"आणून तर बघ! काका, पुसा ते रेकॉर्डिंग, पुन्हा वाजवतो."

त्यांनी रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावलाय. मला आता ड्रमवर जायला हवं.