मूठभर मीठ

मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिठाच्या गिरणीच्या वर अभिमनचे ऑफिस होते. तिथे कॉम्प्युटरवर शिकायचे धडे तयार होत. सत्त्याण्णव साली हे काम कसले, ते जळगावात फारसे कुणाला ठाऊक नव्हते. गिरधर मास्तरांना तर नाहीच. निवृत्तीनंतर अभिमनने, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, बोलावले म्हणून पहिल्या दिवशी ते बी.एड.चे प्रमाणपत्र घेऊन गेले. अभिमनने ते उघडूनही पाहिले नाही.

“सर, या कामाला चौघं लागतात. चित्रं काढणारा, आवाज देणारा, प्रोग्रॅम लिहिणारा आणि शिकवता येणारा. पहिले तिघे मिळाले. चौथे तुम्ही.”

पुस्तके वाचता येतात एवढे मास्तरांना नक्की माहीत होते. शिकवता येते की नाही, याची जन्मभर शंकाच होती.

“फक्त माउसवर हात बसवा,” अभिमन म्हणाला. “ह्यात पत्त्यांचा खेळ आहे. दुपारी खेळत जा. हात आपोआप वळतो.”

“पत्ते?” मास्तर म्हणाले. पोरांच्या दप्तरातले पत्ते त्यांनी किती वेळा चुलीत घातले होते. गिरणीवर दळणाला येणाऱ्या बायका वर डोकावत, त्यांच्यासमोर म्हातारा पत्ते खेळतोय हे कसे दिसेल? त्यांनी माउसला हात लावला नाही. कागदावर लिहून देत राहिले.

पहिला धडा अंगणवाडीच्या मदतनीस बायकांसाठी होता. पोराला जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी कसे करायचे. पेलाभर पाण्यात मीठ किती? पडद्यावर तीन चित्रे: चिमूट, चमचा, मूठ. माउसने बाण न्यायचा आणि बरोबर चित्रावर बटण दाबायचे. उत्तर चुकले की गाढव ओरडायचे. ते अभिमनचे डोके.

“मजा येते, सर.”

मास्तरांना ते बरे वाटले नव्हते. पण या यंत्रातले आपल्याला काय कळते, असे म्हणून ते बोलले नाहीत.

धडा दाखवायचा होता नरडाण्याला. सुरत लाइनच्या पॅसेंजरमध्ये कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून दोघांनी मांडीवर नेला. शाळेच्या एका वर्गात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. पर्यवेक्षिका लताबाई खुर्चीवर. धडा त्यांना पटला तर पुढचे सगळे धडे अभिमनकडे येणार होते. नाही पटला तर गिरणीवरची खोली सोडून तो पुण्याला नोकरी पाहणार होता. हे त्याने गाडीतच सांगितले होते.

पहिल्यांदा कुंदाबाई उठली. पन्नाशीची, सगळ्यांत जुनी मदतनीस. माउस तिने जिवंत चिमणी धरावी तसा धरला. बाण चिमटीपर्यंत गेला, निसटला, मुठीवर आला आणि बोट दाबले गेले. गाढव ओरडले.

“कुंदाबाई, मूठभर मीठ?” लताबाई म्हणाल्या. “पोराला मारायचंय का?”

सगळा वर्ग हसला. कुंदाबाईही हसली, पदर तोंडाशी धरून. मग उठली आणि भिंतीशी जाऊन बसली. आता ती हसत नव्हती.

“आता कोण येतंय?” अभिमनने विचारले.

कुणी उठेना. मागून एक जण म्हणाली, “आमले नको भाऊ. तुमनं गधडं तुमनापाशीच ऱ्हावू द्या.”

लताबाईंनी घड्याळाकडे पाहिले. अभिमनचा चेहरा उतरला. त्याने मास्तरांकडे पाहिले, शाळेत उत्तर अडले की पाहायचा तसे.

मास्तर उठले. “अवघड नाही, बायांनो,” ते म्हणाले. “मी दाखवतो.”

प्रश्न त्यांचाच होता, उत्तरही त्यांचेच. पण माउस हातात आल्यावर बाण कुठे गेला तेच दिसेना. तो सापडला, चिमटीकडे निघाला, आणि वर्गभर डोळे पाठीवर आहेत हे आठवताच हात थरथरला. गाढव ओरडले.

सगळा वर्ग हसत सुटला.

“मास्तर, तुमले बी येत नही!” भिंतीजवळून कुंदाबाई म्हणाली. “सरका आते. माले बसू द्या.”

ती बसली. चुकली, पुन्हा चुकली, मग चिमूट सापडली. नंतर बायकांची रांग लागली.

शेवटी लताबाई खूश होत्या. “मास्तर, मुद्दाम चुकून दाखवलंत. शिकवणाऱ्याकडे हेच हवं. गाढव मात्र ठेवा हं, बायकांना आवडलं. बाकीचे धडे तुम्हीच करा.”

अभिमन फुलला. “सरांची पद्धतच तशी आहे, मॅडम.”

मास्तरांनी मान खाली घातली. कुंदाबाई त्यांच्याकडे पाहत होती. चेहऱ्याकडे नाही, उजव्या हाताकडे. त्यांनी हात खिशात घातला.

“मॅडम,” ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःला अनोळखी वाटला. “मी मुद्दाम नाही चुकलो. मला हे चालवता येत नाही. धडा मी लिहिला, पण... आणि ते गाढव काढायला हवं. ते ओरडलं तेव्हा मला पळून जावंसं वाटलं.”

कुणी हसले नाही.

“मी देखा व्हता तुमना हात,” कुंदाबाई हळूच म्हणाली.

लताबाईंनी पर्स उचलली. “गाढव काढून आणा,” त्या म्हणाल्या. “मग बघू.”

परतीच्या गाडीत अभिमन अमळनेर जाईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, “सर, नुसतं हो म्हणाला असतात तर काम हातात होतं.”

“हो.”

“गाढवाच्या जागी काय घालायचं?”

मास्तरांनी गोधडीचे टोक नीट केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि पत्त्यांचा खेळ लावायला सांगितला. गिरणीवर आलेल्या दोघी जिन्यावरून डोकावल्या, एकमेकींना कोपर मारून हसल्या. मास्तरांचे कान तापले. त्यांनी दार लावले नाही.

लाल सत्ती त्यांनी ओढत नेली आणि भलत्याच पत्त्यावर सोडली. यंत्रातून आवाज आला नाही. सत्ती मुकाट्याने आपल्या जागी परत गेली आणि पुन्हा उचलण्याची वाट पाहत राहिली.

मास्तरांनी ती पुन्हा चुकीच्या जागी ठेवून पाहिली. पुन्हा तसेच.

“अभिमन,” त्यांनी हाक मारली. “हे बघ. असं करता येईल?”