टोक वर, बूड पाण्यात

ढम्या दोन दिवसांसाठी म्हणून आला, तेव्हाच हे दोन दिवसांवर भागायचं नाही हे ताईने ओळखलं होतं. चाळिशी उलटलेला तिचा हा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. दुसऱ्यांच्या अडकलेल्या लिफ्ट तो बघता बघता मार्गी लावायचा, पण स्वतःच्या घरातलं एक काम तडीस नेईल तर शपथ. अर्ध्यावर रंगवून सोडलेल्या दारावरून बायकोशी वाजलं आणि स्वारी पिशवी घेऊन बहिणीकडे हजर झाली.

ताई एकटी राहायची आणि एकटं राहणं तिला मानवलं होतं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि एकुलती एक मोठी खिडकी. लोकांच्या पँटी आखूड कर, चेन बदल, कोटाला नवं अस्तर घाल, असं तिचं बरं चाललं होतं. त्या खिडकीतून येणाऱ्या उजेडावर तिचा सगळा धंदा.

दोन दिवस कधीच उलटून गेले. "तुला त्रास नको, संध्याकाळचं मी बघतो," म्हणत ढम्या रोज अॅव्होकाडो घेऊन यायचा. कुठल्याशा व्हिडिओत बघून तो ग्वाकामोले करायला शिकला होता. करायचा मात्र तिच्या कापायच्या टेबलावर, कारण ओट्यापाशी म्हणे हात मोकळा चालत नाही. फळ उभं चिरायचं, पिळा देऊन दोन्ही अर्धुकं सोडवायची, चमच्याने गर काढून काट्याने ठेचायचा. "पार गुळगुळीत नाही करायचं, ताई. गाठी राहिल्या पाहिजेत." मग बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, टोमॅटो, मीठ आणि वरून लिंबू. संपलं. एवढ्याशा कामाला घरातली निम्मी भांडी खरकटी व्हायची. आणि सगळ्यात संतापजनक हे, की ते लागायचं फार छान. नावं ठेवायला जागाच नाही! भाजलेल्या पावाला लावून ती मुकाट्याने खायची आणि आतल्या आत धुमसायची.

पण खरा वैताग बियांचा. एकही बी तो टाकू द्यायचा नाही. धुऊन, पुसून, तिला ताईच्याच टाचण्या टोचून पाण्याच्या ग्लासवर बसवायचा आणि ग्लास खिडकीत ठेवायचा. बघता बघता खिडकी भरली. पाणी प्यायला ताईला चहाचा कप घ्यावा लागायला लागला. सुईत दोरा ओवायचा तर आधी ग्लास सरकवायचे.

"अरे, हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवणार आहेस?"

"कोंब आला की घेऊन जातो घरी," ढम्या गंभीरपणे म्हणाला. "ती म्हणते ना, मी काही शेवटाला नेत नाही? तिच्या हातात झाडच ठेवतो."

म्हणजे कोंब येईपर्यंत हा हलत नाही! ताईने कपाळाला हात लावला.

कोंब यायचं नाव घेईना. बिया काळ्या पडल्या, पाण्याला वास मारायला लागला. एका सकाळी गंजलेली टाचणी वाकली, बी कलंडली, ग्लास आडवा झाला आणि ते बुळबुळीत पाणी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर सांडलं. कोट त्याच दिवशी द्यायचा होता. ताईने तो तीनदा धुतला, इस्त्रीने वाळवला, नाक लावून हुंगला आणि मग तणतणत भावजयीला फोन लावला.

"अगं, तुझा नवरा घेऊन जा. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतोय तो!" आणि तिने बियांचं सगळं रामायण ऐकवलं.

भावजयीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, बीचं टोक कुठे आहे? वर की खाली?"

ताईने वाकून पाहिलं. "खाली."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"टोक वर हवं आणि बूड पाण्यात. उलट्या ठेवल्यात त्याने." पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला. "माझ्यासाठी करत होता म्हणता? येते मी संध्याकाळी."

ती आली. ढम्याने ग्वाकामोले केलं. त्यात कांदा हवा की नको यावर दोघांचं जुंपलं, आणि भांडता भांडता वाडगं चाटूनपुसून साफ झालं. पिशवी घेऊन दोघं निघाली तेव्हाही जिन्यात कांदाच चालू होता.

ताईने एक क्षण दवडला नाही. सगळ्या बिया कचऱ्यात घातल्या, ग्लास उकळत्या पाण्याने धुतले आणि उजेडात बसून मनसोक्त शिवलं. घर कसं शांत!

दोन दिवसांनी ढम्याचा फोन. "ताई, पाणी बदलतेस ना? बिया सरळ केल्यास? रविवारी येतोय आम्ही बघायला."

"हो," ताई बोलून गेली. का बोलली, तिलाच कळेना. त्याचा आवाज इतका उत्साहात होता की खरं सांगायला जीभ रेटेना.

झालं! हातातली पँट टाकून ती बाजारात गेली. दाबून दाबून एक पिकलेला अॅव्होकाडो घेतला, आणि भलत्या महाग फळाला, भावाला आणि स्वतःच्या जिभेला शिव्या देत घरी आली. बी काढली. गर वाया घालवायचा कसा, म्हणून तोही ठेचला. लिंबू जास्त पडलं, गाठी राहिल्याच नाहीत. तरी ओट्यापाशी उभ्याउभ्याच तिने सगळं संपवलं. बीला दात कोरायच्या काड्या टोचल्या, टोक वर आहे याची दोनदा खात्री केली आणि ग्लास खिडकीत ठेवला.

रविवारी ढम्या ग्लाससमोर उकिडवा बसला. "बाकीच्या?"

"कुजल्या."

"पण ही बघ कशी टवटवीत आहे! जुनी असून नव्यासारखी!"

भावजयीने बीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"मग ने आता घरी," ताई म्हणाली.

"छे छे! हिला इथला उजेड मानवलाय. हलवली तर दगावेल." ढम्याने ग्लास अलगद खिडकीच्या बरोबर मधोमध सरकवला. "राहू दे तुझ्याकडेच. आम्ही दर रविवारी येत जाऊ ना."

त्याने पिशवीतून चार अॅव्होकाडो काढून कापायच्या टेबलावर ठेवले. ताईने टेबलावरचे कपडे उचलले आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवले.